तोंड दिसलं पायजे

वासुदेवराव ढग्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं असेल तर माणसाला आधी मिशी कातरावी लागे.

ही अट त्यांनी एका सरपंचांना घातली, एका उतरत्या वयाच्या पहिलवानाला घातली आणि भाजीबाजारातल्या एका अडत्यालाही घातली. अडत्याची मिशी वरच्या ओठावरून खाली लोंबत होती आणि तीन पिढ्या त्या घरात तशीच मिशी चालत आलेली होती. वासूभाऊंनी खिशातून बोटभर कात्री काढली आणि म्हणाले, "भाऊ, वरचा ओठ जराक मोकळा करा." अडत्या माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, अहो, आपला कार्यक्रम लोक ऐकतात, बघतंय कोण? वासूभाऊ मला एवढंच म्हणाले, "बाई, तोंड दिसलं पायजे," आणि त्यांनी कॅमेरा पेटीत भरायला घेतला. शेवटी अडत्याने दोन्ही बाजूंनी चार-चार केस काढू दिले. मग पाऊण तास तो बिचारा ओठ चाचपत वांग्याच्या भावाबद्दल बोलत होता आणि वासूभाऊ कॅमेऱ्यामागून दर मिनिटाला "हात खाली" म्हणून दटावत होते.

मी अमरावतीच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर बोलायला वर्ग उरला नाही आणि गप्प बसायची सवय नव्हती. म्हणून मी पॉडकास्ट सुरू केला. नाव ठेवलं 'बसा जराक'. वऱ्हाडात भाजी, फळं, फुलं पिकवणाऱ्या आणि विकणाऱ्या माणसांना समोर बसवायचं आणि तासभर त्यांच्या बोलीत बोलतं करायचं. ऐकणारे बेताचेच. त्यातले निम्मे माझे जुने विद्यार्थी, आणि ते अजून मला घाबरून ऐकतात असा माझा संशय आहे.

चित्रणाला कुणीतरी हवं म्हणून ओळखीतून वासूभाऊ आले. राहणारे तेल्हाऱ्याचे. बापाचा धंदा फुलांचा, आणि यांनीही तरुणपणी टोपल्या भरून फुलं बाजारात पोचवली. पुढे पंचवीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलं. तो जड कॅमेरा वाहून वाहून उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आला होता. आठवड्यातून एकदा तेल्हाऱ्याहून अकोला आणि अकोल्याहून अमरावती असे ते बसने येत, पेटी मांडीवर घेऊन. पेटी कधी वर फळीवर ठेवली नाही. शेजारी बाई मूल घेऊन उभी असली तर स्वतः उठत, पण पेटी काखेतच.

मिशी हा त्यांच्या तक्रारींचा नुसता श्रीगणेशा. पाहुण्याने गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकून, चूळ भरून बसायचं. वऱ्हाडात एखाद्याला तासभर खर्ऱ्यावाचून बसवणं म्हणजे उपास घडवण्यासारखंच, पण त्यांनी ते करून दाखवलं. बारीक चौकड्यांचा शर्ट चालणार नाही. मागे पडदा हलता कामा नये, म्हणून वैशाखात पंखा बंद. सगळे पॉडकास्टवाले तोंडासमोर मोठा माईक धरतात, तसा मीही हौसेने आणला होता. तो त्यांनी पहिल्याच दिवशी बाजूला केला आणि बटणाएवढा माईक पाहुण्याच्या सदऱ्याला लावला. एकदा एका बागायतदाराच्या अंगणात त्यांनी लिंबाची एक चांगली फांदी तोडायला लावली, कारण ती पाहुण्याच्या मागे वाऱ्याने हलत होती. बागायतदाराने विचारलं, फांदीनं काय घोडं मारलं?

"हलते पान सारा माल खाते," वासूभाऊ म्हणाले. "तोंडाच्या वाट्याले मंग उष्टं येते."

हे कोडं मला त्यांनी पुढे सावकाश उलगडून सांगितलं. कॅमेऱ्यातून निघालेलं चित्रण अवाढव्य असतं. ते इंटरनेटवर चढवायचं तर लहान करावं लागतं. या कामाला वासूभाऊ 'दाबणं' म्हणत. दाबणारं सॉफ्टवेअर जे हलत नाही ते एकदाच लिहून घेतं आणि जे हलतं ते पुन्हा पुन्हा लिहितं. जागा मात्र ठरलेली. मागे पानं सळसळत असली, पडदा उडत असला, उजेड कमी पडून चित्रात बारीक खवखव उठली असली, की सगळी जागा त्यातच जाते आणि माणसाच्या चेहऱ्याचे चौकोनी ठोकळे पडतात. म्हणून मागे साधी भिंत हवी, कॅमेरा तिपाईवर घट्ट हवा आणि उजेड भरपूर हवा.

"झेंडू बोरीत पायानं दाबा, काही होत नाही," ते म्हणत. "शेवंती दाबली का काळी पडते. आता मले सांगा, मानसाचं तोंड झेंडू हाय का शेवंती?"

मी गणिताची बाई. मला पाच तासांचं गणित कळत नव्हतं. तासाभराचा भाग दाबायला ते माझ्या लॅपटॉपवर पाच तास घेत, कारण सॉफ्टवेअर दोन खेपा करायचं. पहिल्या खेपेत ते नुसतं सगळं पाहून घेई आणि दुसऱ्या खेपेत दाबे. मी म्हणे, एका खेपेत उरका की. त्यावर उत्तर असे, "न पाहता दाबते तो कसाई असते, बाई." शिवाय त्यातूनही निघालेली फाइल चांगली गलेलठ्ठ. मी अजून बारीक करा म्हटलं की सांगत, ज्या वेबसाइटवर आपण ती टाकतो ती स्वतः आणखी एकदा दाबणारच आहे. आपणच आधी चेंदामेंदा करून दिला तर तिच्या हाती काय लागणार? आणि एकदा मोडलेलं चित्र पुन्हा मोठं करून काही परत येत नाही.

आमची भांडणं ठरलेली. मी म्हणायची, लोक गाडी चालवताना ऐकतात, पोळ्या लाटताना ऐकतात, त्यांना ओठांशी काय करायचंय? ते म्हणायचे, "पाह्यनारा एक जरी असला तरी तोंड दिसलं पायजे." मला हा निव्वळ हट्ट वाटे. लग्नाच्या शूटिंगमध्ये नवऱ्या मुलीचे नखरे काढून काढून या माणसाच्या डोक्यात चेहराच जाऊन बसलाय, असं मी लोकांना हसत सांगत असे.

घरचं ते बोलत नसत. एकदा मी खोदून विचारलं, घरी कोण असतं? "सुमन हाय." म्हणजे पत्नी. बघतात का त्या आपला कार्यक्रम? "पाह्यते." संपलं. दर भागाची एक प्रत मात्र ते आपल्यासाठी पेनड्राइव्हवर नेत, जवळजवळ न दाबलेली. मला वाटलं, कारागीर माणूस आहे, आपलं काम जपून ठेवत असेल.

मग चांदूर रेल्वे गावचे किसनराव आले. आले म्हणजे आम्हीच त्यांच्याकडे गेलो. चाळीस वर्षं शेवंती लावणारा माणूस आहे, बोलतो छान, पण तब्येत बरी नाही, लवकर जाऊ या, असं वासूभाऊंनी मला तीनदा सांगितलं. पाहुणा त्यांनी सुचवण्याची ती पहिलीच वेळ.

किसनराव अंगणात खुर्चीवर टेकून बसले होते. दम लागत होता, पायांवर सूज होती. मिशी मात्र सफाचट. नुकतीच काढली असावी, कारण तिथली कातडी बाकी चेहऱ्याहून उजळ दिसत होती. स्वतःहून तयार होऊन बसलेला पाहुणा मी पहिल्यांदा पाहिला आणि वासूभाऊंना म्हटलं, तुमची कीर्ती इथवर पोचली. ते हसले नाहीत. चादर बांधून मागची सगळी झाडं झाकण्यात ते गुंतले होते.

किसनराव बोलले मोठे सुरेख. शेवंतीची रोपं, कोवळे शेंडे खुडणं, पहाटेची तोडणी, ओल्या फडक्यात बांधून गाडीने बडनेऱ्याला जाणं. पण प्रश्न मी विचारावा आणि उत्तर त्यांनी कॅमेऱ्याला द्यावं, असं चाललं होतं. मी दोनदा टोकलं, किसनराव, इकडे माझ्याकडे बघून बोला. ते मान हलवत आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे वळत. बोलणंही सावकाश, एकेक शब्द ओठांनी घडवून. म्हातारपणी असं होतं, मी मनात म्हटलं, कवळी सैल असेल.

शेवटी मी आभार मानले आणि काही विचारायचं राहिलं का म्हणून हातातल्या कागदावर नजर टाकली. कागदावरून एकदा वर पाहिलं तेव्हा किसनरावांचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. कवळी बसवताहेत असं वाटून मी पुन्हा कागदात डोकं घातलं. झालं का हो, असं मी वासूभाऊंना विचारलं. त्यांनी पाठमोरं राहूनच हात वर करून मला थांबवलं. त्यांचं तोंड विहिरीकडे होतं. कॅमेरा चालू ठेवून छायाचित्रकार विहिरीकडे बघतो, हे मला त्यांच्या शिस्तीत बसणारं वाटलं नाही. पण आम्ही थकलो होतो आणि मला बसचीही काळजी होती.

दाबायचं काम होतं म्हणून वासूभाऊ त्या रात्री अमरावतीतच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेल्हाऱ्याहून शेजाऱ्याचा फोन आला. सुमनताईंना जोराचा ताप भरला होता. वासूभाऊ माझ्याकडे कॅमेरा टाकून तसेच निघाले. जाताना त्यांनी मेमरी कार्डाची प्लास्टिकची डबी माझ्या टेबलावर ठेवली. डबीला दोरा गुंडाळून गाठ मारलेली. "बाई, दोरा बांधला हाय," ते म्हणाले. मी म्हटलं, पाहिलं.

पुढचं मी माझ्या बाजूने काहीही मऊ न करता सांगते.

चार दिवस झाले, वासूभाऊ येईनात. भागाचा वार आला. मी डबीचा दोरा कात्रीने कापला, कार्डातलं चित्रण लॅपटॉपवर उतरवलं, फुकटातलं एक ॲप घेतलं आणि 'सर्वांत लहान' असं लिहिलेलं बटण दाबलं. बावीस जीबीचं चित्रण वीस मिनिटांत तीनशे एमबीवर आलं. लावून पाहिलं, आवाज स्वच्छ होता. म्हटलं, बघा, हा माणूस उगीच पाच तास माझी वीज जाळतो. भाग चढवला. लॅपटॉप गच्च भरला होता म्हणून त्यातलं मूळ चित्रण काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी गांडूळखतवाले पाहुणे यायचे होते आणि दुसरं कार्ड सापडत नव्हतं, म्हणून तेच कार्ड कॅमेऱ्यात घातलं, पुसलं आणि त्यावर गांडूळखताचं पन्नास मिनिटं चित्रण केलं. स्वतः केलं, याचा अभिमानही वाटला.

एकतीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या. तपासून, गुण भरून झाले की गठ्ठ्याला दोरा बांधायचा. दोरा बांधला म्हणजे काम संपलं, आता रद्दीत गेला तरी हरकत नाही. माझ्या आयुष्यात दोऱ्याचा दुसरा अर्थच नव्हता.

वासूभाऊंच्या आयुष्यात होता. नवव्या दिवशी ते आले, दारातच चपला काढल्या आणि म्हणाले, "बाई, डबी." मी डबी दिली. त्यांनी ती उलटीपालटी केली. "दोरा?" मी सांगितलं, कापला, तुमचं झालं होतं ना? मग गठ्ठ्यांचं सांगितलं. ते ऐकत उभे होते. मग म्हणाले, फुलांच्या बाजारात ज्या टोपलीला दोरा बांधला ती कुणाच्या तरी नावाची झाली. मग बाजार उठला तरी तिला कुणी हात लावत नाही.

किसनराव मधल्या काळात गेले होते, ते मला वासूभाऊंनीच फोनवर कळवलं होतं. मी अरेरे म्हटलं होतं आणि बरं झालं, आपण वेळेवर गेलो, असंही म्हटलं होतं.

ते व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसले. कार्डावरून जुनं काही परत मिळतं का, ते त्यांनी त्या दिवशी तिथेच बसून पाहिलं. गांडूळखताखाली काही उरलं नव्हतं. मग त्यांनी पाणी मागितलं आणि पिऊन भांडं उपडं ठेवलं. "तुमचंबी बरोबर हाय बाई. गठ्ठ्याले दोरा बांधतच असतीन," ते म्हणाले. मी हजारदा माफी मागितली. ते नाही-नाही म्हणत राहिले. एवढा शिस्तीचा माणूस, आणि शब्दाने बोलला नाही, म्हणून मला हलकंच वाटलं. आज ते आठवलं की स्वतःची चीड येते.

त्यानंतर वासूभाऊ सुधारले. खरंच सांगते, मी बाहेर असंच सांगत होते, वासूभाऊ सुधारले म्हणून. पुढच्या पाहुण्याची मिशी त्यांनी तशीच राहू दिली. खर्रा गालात होता, तोही चालला. मीच हळूच तो मोठा माईक पुढे ओढला, त्यांनी ओढू दिला. मागे पपईचं झाड डोलत होतं, डोलू दिलं. दाबणं एका खेपेत. संध्याकाळच्या आत मोकळे. पाच आठवडे असे गेले. पेनड्राइव्ह त्यांनी मागितला नाही आणि मीही विचारलं नाही. सहाव्या आठवड्यात ते आलेच नाहीत आणि फोनही उचलेनात.

मी तेल्हाऱ्याला गेले. अकोल्याला बस बदलली. अकोटच्या पुढे दोन्हीकडे कपाशी उभी होती, आणि मी वाटेत त्यांना काय बोलायचं याची उजळणी करत होते. अमुक दिवस आधी कळवायला हवं होतं, वगैरे. मास्तरकीचा रोग.

घर बाजारामागच्या गल्लीत होतं. वासूभाऊ ओसरीवर लसूण सोलत बसले होते. मला बघून गडबडले. "आवाज देऊ नका, काही फायदा नाही," ते म्हणाले. "सुमनले आयकू येत नाही."

मग ओसरीवरच त्यांनी सगळं सांगितलं. लसूण सोलता सोलता, माझ्याकडे न बघता.

बावीस वर्षांपूर्वी तापात सुमनताईंचे कान गेले. पुरते गेले, यंत्रानेही काही होण्यासारखं नव्हतं. ओठ वाचायला त्या आपल्या आपण शिकल्या. पण ओठ वाचणाऱ्याशी बोलायचं म्हणजे समोर बसावं लागतं, सावकाश बोलावं लागतं, एकच गोष्ट दोनदा सांगावी लागते. "लोकाले धीर नाही ना बाई. आधी शेजारच्या बाया येत. मंग दारातूनच हात हलवाले लागल्या." टीव्हीवरच्या मालिकांत माणसं तोंड फिरवून बोलतात आणि बोलतात तेही पुण्यासारखं. फोनवर व्हिडिओ कॉल लावला तर तोंडाचे ठोकळे पडतात. इंटरनेटवरच्या व्हिडिओखाली अक्षरं येतात ती यंत्र लिहितं, आणि वऱ्हाडी बोली कानावर पडली की ते यंत्र भलतंच काही लिहितं.

"तुमचा कार्यक्रम लावला का चांगलं लुगडं नेसून बसे ती," वासूभाऊ म्हणाले. "तुमी 'बसा जराक' म्हनलं का खुर्ची पुढं ओढे. पाव्हण्याले उत्तरं दे. अडत्यावर तं लय चिडली होती, भाव पाडते म्हने मेला."

मग ते किसनरावांवर आले. किसनराव सुमनताईंचे थोरले भाऊ. बहिणीला कान नाहीत, म्हणजे भावाकडचा फोनही कामाचा नाही. पुढच्या महिन्यात चांदूरला नेतो, असं वासूभाऊंनी कबूल केलं होतं. तोवर भावाची तब्येत ढासळली. म्हणून त्यांनी हा भाग ठरवला. मला का नाही सांगितलं, मी विचारलं. "तुमी मंग दया केली असती. आन दया करनारा मानूस लय मोठ्यानं बोलते, तोंड वाकडं करते. ते तिले वाचता येत नाही."

भाऊ गेला तेव्हा ताप उतरला नव्हता, म्हणून सुमनताईंना अंत्यदर्शनालाही नेता आलं नाही. उरला तो व्हिडिओ. तो लावला तर किसनरावांच्या नाकाखाली करड्या रंगाचा लगदा. तासाभराचं बोलणं वासूभाऊंनी आवाज ऐकून, तिच्यासमोर बसून, वाक्य वाक्य आपल्या ओठांनी सांगितलं. त्याला तीन दिवस लागले. पण शेवटची दहा सेकंदं त्यांनाही सांगता येईनात. बहीणभाऊ एकमेकांशी आवाज न काढता बोलत, तिला आवाजाचा उपयोग काय? त्या दहा सेकंदांत ध्वनिमुद्रणात फक्त लांबून जाणाऱ्या आगगाडीची शिट्टी होती.

"तुम्ही तर कॅमेऱ्यामागेच होता," मी म्हटलं. "तुम्हालाही ओठ वाचता येत असणार."

"म्या तोंड फिरवलं होतं," ते म्हणाले. "भावाबहिनीचं बोलनं होतं, बाई. म्या काहून पाहू?"

मला रडू आलं. आवरलं नाही आणि आवरायचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी सुपातला लसूण बाजूला सारला आणि मलाच धीर द्यायला लागले, याचं मला फार वाईट वाटलं.

सुमनताई दीड महिन्यापासून त्यांच्याशी बोलत नव्हत्या. अबोला म्हणजे त्या घरात काय असतो, ते मला तिथे कळलं. त्या त्यांच्याकडे बघत नसत. बघितलंच नाही तर हे बोलणार कसे? हे समोर गेले की त्या भिंतीकडे वळत, भिंतीकडून गेले की डोळे मिटत. कारण वासूभाऊंनी त्यांना सांगितलं होतं की व्हिडिओ त्यांनी स्वतः दाबला, घाईत चुकलं, मूळ चित्रणही त्यांच्याच हातून पुसलं गेलं.

"असं का सांगितलंत?"

"माह्यावरचा राग आज ना उद्या उतरीन. नवराबायको हाव आमी. तुमच्यावर राग धरला तं ती तुमचा कार्यक्रम पाह्यनार नाही. मंग कोनाशी बसंन ती?" मग म्हणाले, "आताबी पाह्यत नाही म्हना. पन तुमी सांगू नका तिले. पाया पडतो."

मी उठले आणि आत गेले. ते मागून बाई, बाई करत आले.

सुमनताई खाटेवर बसून उशीला अभ्रा घालत होत्या. बारीक अंगाच्या, केस घट्ट बांधलेले. मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुढे पाऊल टाकवेना. त्यांनी खुर्ची ओढली, हाताने पुसली आणि सपाट, जरा मोठ्या आवाजात म्हणाल्या, "बसा जराक." मग स्वतःच हसल्या. वासूभाऊ दारात उभे होते, तिकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी खुर्ची आणखी पुढे घेतली. खिडकीचा उजेड तोंडावर येईल अशी बसले. पदराने डोळे पुसले आणि सावकाश म्हटलं, "किसनरावांचा व्हिडिओ मी दाबला. मी पुसला. वासूभाऊंनी नाही."

त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. कपाळावर आठी पडली. "पुन्हा म्हना," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा म्हटलं. दोऱ्याचंही सांगितलं. दोरा म्हणताना बोटाला गुंडाळून दाखवला. तिसऱ्यांदा सांगायची वेळ आली नाही.

त्यांनी मान वळवून वासूभाऊंकडे पाहिलं. किती वेळ, मी मोजला नाही. वासूभाऊ दारातच होते. हातात अर्धवट सोललेला लसूण होता आणि त्यांची नजर जमिनीवर होती. त्या बघताहेत हे त्यांना जरा उशिरा कळलं. त्यांनी वर पाहिलं.

"चहा ठेवा," सुमनताई म्हणाल्या.

ते आत पळाले. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, मग नळ सुरू झाला. नळ बराच वेळ चालू राहिला.

मी माफी मागत होते. त्यांनी माझं मनगट धरून मला थांबवलं. रागावल्या की नाही, मला कळेना. त्या माझ्या आणखी जवळ सरकल्या आणि त्यांनी माझ्या ओठांवर नजर लावली.

"तुमी तं समोरच होत्या," त्या म्हणाल्या. "शेवटी काय म्हनला दादा?"

काहीतरी गोड रचून सांगता आलं असतं. सुखी राहा म्हणाले, असं सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण ती बाई माझ्या ओठांकडे ज्या तऱ्हेने बघत होती, तसं एकतीस वर्षांत कुठल्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिच्याशी खोटं बोलवेना.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी बघत नव्हते. मी माझा कागद बघत होते."

त्यांनी ते वाचलं. मनगट सोडलं नाही.

"मलेबी असंच होते," त्या म्हणाल्या. "नजर हटली का गोष्ट गेली."

मग अभ्रा अर्धवट राहिला होता तो त्यांनी उचलला, त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, आणि आम्ही दोघींनी मिळून तो उशीवर चढवला.